वांगी रंगाची शेवटची साडी

सांगलीच्या आमच्या व्याह्यांनी मला फसवलं. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात पोह्यांची बशी माझ्या हातात देत ते म्हणाले होते, "पोरगी भोळी आहे हो. व्यवहारातलं तिला काही कळत नाही." मी उभ्या आयुष्यात कुणाच्या शब्दावर माल घेतला नाही. ब्लाउजपीस घेतला तरी उजेडात धरून बघतो. पण इथं विश्वास ठेवला! (पोहे चांगले होते.)

माझं उंब्रजला हायवेच्या कडेला कापडाचं दुकान आहे. ते मला वाडवडिलांनी दिलेलं नाही. सायकलला गाठोडं बांधून लोणंदच्या बाजारापासून म्हसवडच्या जत्रेपर्यंत फिरलो, तेव्हा ते उभं राहिलं. घासाघीस हीच माझी शाळा आणि चढा आवाज हीच माझी पदवी.

लग्नानंतर मुलगा सुट्टी संपवून पलटणीत परत गेला आणि एका सकाळी सून तेजश्री चहा देता देता म्हणाली, "मामा, मी ऑनलाइन बुटीक काढू का?"

"म्हंजी काय?"

"कपड्यांचं दुकानच, पण फोनवर. आपण साड्या दाखवायच्या, बायका घरबसल्या मागवतात. भाव ठरलेला."

"म्हंजी घासाघीस न्हाई?"

"अजिबात नाही."

"मग बाया घेतील कशाला?"

मी खरंच विचारलं. आमच्याकडं बाई येते ती निम्मी साडीला आणि निम्मी भाव करायला येते. पहिल्या शब्दाला साडी दिली तर तिला वाटतं, आपण बुडालो. अशा गिऱ्हाइकाला ही सांगलीची भोळी पोर 'ठरलेला भाव' सांगणार!

दुकानात वांगी रंगाच्या साड्यांचा एक गठ्ठा पडून होता. इचलकरंजीच्या एका व्यापाऱ्याला रडवून मी तो घेतला होता. (घेताना तो रडला, नंतर मी.) लाजेपायी मी तो धोतरांच्या मागं दडवला होता. तोच काढून मी तिच्यापुढं आपटला.

"ह्या समद्या इकून दाखव. एकाच भावात. एकीला जरी रुपया कमी केलास, तर तुजा फोनचा स्टँड माळ्यावर!"

"आणि सगळ्या विकल्या तर?"

"तर दुकानाचा म्होरला निम्मा भाग तुजा. काचेच्या कपाटासकट."

"आत्या, ऐकलंत ना?" तिनं आतल्या बाजूला हाक मारली.

"ऐकलं गं!" माझी बायको शालन स्वयंपाकघरातून म्हणाली. साक्षीदार आधीच बसवून ठेवला होता, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

संध्याकाळी तिनं फोनवर 'लाइव्ह' सुरू केलं, त्याच्यासमोर उभी राहिली, साडीचा पदर हातावर पसरला आणि म्हणाली, "मैत्रिणींनो, हा रंग कुणालाच शोभत नाही, असं आमचे मामा म्हणतात. त्यांना खोटं पाडायला कोण तयार आहे?"

सातारा, सांगली, दोन्ही जिल्हे तयार होते! कराडहून मागणी, विट्याहून मागणी, पार मिरजेहून मागणी. सासऱ्याला खोटं पाडण्यासाठी बायका इतक्या तयारीत बसलेल्या असतात, याची मला कल्पना नव्हती. गठ्ठा उतरत गेला आणि माझा घास घशाखाली उतरेना. शेवटी एकच साडी उरली. कपाट जाणार, काच जाणार, हायवेवरून दिसणारी माझी बसायची जागा जाणार!

मग मी माझी विद्या बाहेर काढली. जुनं सिमकार्ड शोधलं, 'मंदाकिनी, लोणंद' असं नाव धारण केलं आणि गिऱ्हाईक व्हायचं ठरवलं. घासाघीस करून एक रुपया सोडवला की पैज माझी. पत्त्याला लोणंदचा माझा दोस्त गजा होताच. फक्त मला फोनवर टाइप करता येत नाही. मी बोलतो आणि फोन लिहितो. म्हणून सकाळी गच्चीवर गेलो, कठड्याला टेकून बसलो आणि सुरू झालो.

"ताई, वांगी साडीचा भाव बोला."

लगेच उत्तर आलं. "फोटोखाली लिहिलाय, ताई."

"त्यो दाखवायचा झाला. द्यायचा सांगा."

"दाखवायचा तोच द्यायचा."

"रंग लय भडक हाय."

"मग घेऊ नका, ताई. डोळ्यांना त्रास होईल."

अशी भाषा! मी आणखी आवाज चढवला. (लिहिलेल्यात तो चढत नाही, पण सवय जात नाही.) "सकाळची येळ हाय. भवानी म्हणून तरी कमी करा!" दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. त्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं परत लावणारा दुकानदार मी पाहिलेला नाही.

"भवानी झाली, ताई. पहिलं पार्सल विट्याला गेलं."

आता ब्रह्मास्त्र. "ऱ्हाऊ द्या मग. चालले मी!" असं म्हणून मी खरोखरच उठलो, चपला घातल्या आणि मागं कान ठेवून हळूहळू चालू लागलो. गिऱ्हाईक उंबऱ्याशी पोचायच्या आत मागून हाक येतेच. मी जन्मभर तशी हाक मारत आलोय. "आवं वहिनी, या माघारी, बसा तर!"

हाक आली नाही. मी पावलं आणखी लहान टाकली. तरी नाही. आपण उठून निघालोय हे तिला फोनवर दिसतंय का, ही शंका मला जिन्याच्या निम्म्यावर आली.

परत वर गेलो, तर तिचा निरोप. "म्हसवडच्या एक ताई पैसे पाठवतायत. तुम्ही नको म्हणालात ना?"

हे वाक्य मी ओळखायला हवं होतं. 'दुसरं गिऱ्हाईक बघून गेलंय' हे एकच वाक्य बोलून मी दुकानावर स्लॅब टाकलाय! पण डोक्यात सणक गेली. मघापासून घसा मी फोडतोय आणि साडी जाणार म्हसवडला? "माजी हाय ती साडी!" मी ओरडलो आणि सगळे पैसे पाठवून दिले. ठरलेल्या भावानं. वर कुरिअरचे.

फोन टिंगकन वाजला, आणि मग माझं डोकं चाललं. शेवटची साडी गेली होती. पूर्ण भावाला. आणि ती मीच घेतली होती.

खाली आलो तर तेजश्री चहाबरोबर एक पार्सल घेऊन उभी. वर सुबक अक्षरात लिहिलेलं, 'मंदाकिनीताई, लोणंद'.

"घ्या मामा. म्हटलं, लोणंदला पाठवून परत आणण्यापेक्षा हातात दिलेलं बरं."

"तुला कसं कळलं?"

उत्तर शालननं दिलं. "आवं, गच्चीवरनं बोंबलत व्हता की! ह्या आळीला ऐकू गेलं, त्या आळीला गेलं. शेजारची काकी इचारत व्हती, मंदाकिनी कोण म्हणून!"

मी शेवटचा हात मारून पाहिला. "बरं, ती म्हसवडची बाई तरी खरी का?"

शालननं पदर सावरला. "माजं म्हायेर कुठलं?"

"...म्हसवड."

"मग? द्या हिकडं साडी."

साडी तिनं नेसली. वांगी रंग तिला शोभतो, हे मी इथं मान्य करतो, दुकानात करणार नाही.

"कुरिअर तर झालंच न्हाई," मी म्हणालो. "त्ये पैसे तरी दे."

"मामा," तेजश्री अदबीनं म्हणाली, "गल्ल्यात आलेला पैसा माघारी जात नसतो. तुम्हीच सांगता ना गिऱ्हाइकांना?"

मी इतके बाजार फिरलो, इतके व्यापारी रडवले. माझ्यापुढं रुपयाभरही न हललेलं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते माझ्याच घरात पोळ्या लाटत होतं! मुलाला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "आबा, मी तर लग्नाच्या आठवड्यातच शरण गेलोय."

शब्दाप्रमाणे म्होरला निम्मा भाग तिला दिला. पण पोरीचं तेवढ्यानं भागेना. कापडवाला पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून गिऱ्हाइकाला दाखवतो, ही आमची जुनी रीत तिनं हेरली आणि मला फोनसमोर उभं केलं. आता बायका लिहितात, "काकांनी घेतलीय तीच द्या." परवा तर सांगलीहून व्याह्यांचा निरोप आला, "आमसुली रंग तुम्हाला खुलतो!"

म्हणून सांगतो, 'पोरगी भोळी आहे' असं म्हणून ज्यांनी हा माल माझ्या घरात दिला, त्या व्याह्यांनी उंब्रजला यावं आणि माझ्या तोंडासमोर उभं राहून याचा जाब द्यावा. फक्त यावं ते लाइव्ह संपल्यावर. त्याआधी मी साडीत असतो.