तो ब्रेक मी मारला नाही

आमच्या दोघांचं शेवटचं साधं काम म्हणजे ब्लँकेट पिळणं. दुबईत, अल कुसैसला, बिल्डिंगच्या गच्चीवर. एक टोक मी धरलेलं, एक हिने. पिळता पिळता हिने मुद्दाम हात सैल सोडला आणि मी मागे धुण्याच्या टबात बसलो. हसत सुटली. "आणि म्हणे डोंगर फोडतो," म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी लोकांचे डबे भरता भरता तिच्या छातीत कळ आली आणि तासाभरात खलास. सुमन नाव तिचं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, म्हातारा बायकोपायी खुळावला. दुःखी आहे, खुळा नाही. शिक्षण सहावी. भूत, करणी, अंगात येणं... आयुष्यात मानलं नाही. गावच्या देवऋषाला मी अंगणातून हाकलून दिलेला आहे. आजही मानत नाही. पण जे झालं ते लोक माझ्या नावावर खपवतात, ते मला चालत नाही, म्हणून लिहितो.

मी रास अल खैमाला डोंगराच्या पायथ्याशी खडी क्रशरवर शॉवेल, म्हणजे दगड भरायचं मशीन, चालवायचो. सतरा वर्षं. ही आणि आमचा संतोष कुसैसला. संतोष तिकडेच शिकला, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर. आई गेल्यापासून आमचं बोलणं म्हणजे 'जेवलास का' आणि 'हो'. बस.

२००४ संपत आलं होतं. आठवडाभर पाऊस, आणि एके दिवशी बातमी आली की वरच्या डोंगरावर बर्फ पडलं. आखातात बर्फ! गुरुवारी पावसामुळे क्रशर बंद होता. सकाळी आठलाच संतोष माझ्या कॅम्पवर हजर. म्हणाला, "बाबा, स्नो पडलाय. लेट्स गो ना." आई गेल्याच्या चार महिन्यांत पहिल्यांदा पोरगं स्वतःहून काही मागत होतं. नाही कसं म्हणू?

पण लगेच निघालो नाही. आमची क्रशरवाल्यांची एक रीत आहे — पाऊस पडला की कड्याखाली जायचं नाही. ऊन पडू द्यायचं, दगड सुकू द्यायचे, मग जायचं. या रीतीने माझ्या हाताखालचं एक माणूस कधी मेलं नाही. म्हणून मी संतोषला बारापर्यंत बसवून ठेवला. तो कुरकुरला, तोवर सगळं वितळून जाईल म्हणे. मी म्हटलं, वितळू दे, डोंगर मला शिकवू नको.

इथेच चुकलो. पावसाचा डोंगर ऊन सुकवतं. बर्फाचा डोंगर ऊनच सोडवतं. वर बर्फ वितळतं, पाणी भेगांत शिरतं, आणि रात्रीच्या थंडीने धरून ठेवलेले दगड सुटायला लागतात. हे मला आज कळतं. सतरा वर्षं दगडात काढली पण बर्फ कधी पाहिलं होतं?

तेव्हा वर डांबरी रस्ता नव्हता. कोरड्या नदीतून, म्हणजे वादीतून, कच्चा ट्रॅक जायचा. ट्रॅकच्या तोंडाशी शेळ्यांमागे एक म्हातारा अरबी उभा होता. त्याने माझी पिकअप थांबवली. मोडक्या हिंदीत म्हणाला, "सुबह जाना था. अभी शम्स ऊपर, खलास. रूह, घर जाओ." शम्स म्हणजे सूर्य, रूह म्हणजे जा. मी हसलो. शेळ्या राखणारा मला डोंगर सांगतोय! हात केला आणि गाडी पुढे काढली.

संतोष खुश होता. आईची एक गोष्ट सांगायला लागला, मीही हसत होतो. फर्स्ट गिअर, चढ, उजव्या हाताला उंच कडा. माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर.

आणि गाडी थांबली. गचका खाऊन बंद पडली. संतोषचं डोकं डॅशबोर्डला लागता लागता वाचलं.

"बाबा, व्हाय डिड यू ब्रेक?"

मी खाली पाहिलं. माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरच होता. शेजारचं ब्रेकचं पेडल पार तळाला टेकलेलं. त्याच्यावर काही नाही. वाकून हाताने वर ओढलं, हलेना. सतरा वर्षं शॉवेलचे लिव्हर ओढलेला हात माझा, पण हलेना. शिवी हासडली, चावी फिरवायला गेलो... आणि वर आवाज झाला. आमच्या पुढे वीसेक पावलांवर अख्खी दरड खाली आली. दगड, चिखल आणि मधेमधे पांढरं बर्फ. धुळीचा नाही, गार पाण्याचा फवारा काचेवर आला. ट्रॅक गायब.

सगळं शांत झालं तेव्हा पेडल हळूच वर आलं. कोणी पाय काढून घ्यावा तसं.

आता जे सांगतो ते सांगणार नव्हतो. सुमनला डोंगराच्या रस्त्याची भीती वाटायची. शेजारी बसली की वळणावर तिचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा, जसा काही तिच्याकडेच ब्रेक आहे. मी चिडवायचो, अगं, पत्र्याला भोक पडेल. त्या दिवशी तिच्या जागेवर संतोष बसलेला होता.

मी म्हणत नाही की ती होती. मी एवढंच म्हणतो की मी नव्हतो. संतोष सगळ्यांना सांगतो, बाबांच्या एक्सपिरियन्सने वाचलो. फोरमननेही पाठ थोपटली. मी त्याला तोंडावर सांगितलं, माझ्या एक्सपिरियन्सने पोराला मारायला नेला होता. अल क्वोजच्या गॅरेजात पुढे ब्रेकचं सगळं काम उघडून पाहिलं. मेकॅनिक म्हणाला, चाचा, एकदम नया जैसा. का झालं, कसं झालं, मला ठाऊक नाही. एवढी वर्षं झाली, अजून ठाऊक नाही. आणि ज्याला ठाऊक आहे असं वाटतं त्याने मला येऊन शिकवू नये.

पण त्या रात्री एक गोष्ट मात्र मला कळली होती. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टी. दुबई-शारजातून लोक पोराबाळांसकट बर्फ बघायला येणार. ढिगाऱ्यापर्यंत गाड्या जाणार, त्यात बर्फ मिसळलेलं, पोरं हात लावायला उतरणार. आणि वर ऊन तापणार.

सकाळी उजेड व्हायच्या आत मी ट्रॅकच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. पहाटे आलेल्यांना सांगितलं, नऊच्या आत परत या. ते आले. नऊला मी ट्रॅकवर दगड आडवे लावायला घेतले, मांडीएवढाले, एकामागून एक. गाड्यांची रांग लागली. हॉर्न, शिव्या, मराठीतूनसुद्धा. मी हललो नाही. शेवटी एक सुटाबुटातला माणूस उतरला, मागच्या सीटवर दोन मुली.

"तू है कौन? पोलीस है?"

"नहीं," मी म्हटलं. "कल जिसने गलती किया, वो."

आणि पुढचा दगड उचलला.