भैयाजीचा उडता घोडा

भैयाजी माहा धाकटा दीर. तोंडावर मी त्याले भाऊजी म्हणो, माघारी काय म्हणो ते सांगण्यासारखं नाई. अंगानं धिप्पाड, आवाज दणदणीत, अन् कामाचं नाव काढलं का याची कंबर धरे. धानाच्या बांधीत सारे चिखलात रोवणी करून राह्यले अन् हा पाळीवर उभा राहून बगळे पाहून राह्यला. घरच्या बाजेचा पाय मोडला, तं त्याखाली विटा लावून झोपला. एक खिळा ठोकला नाई बाप्पा त्यानं. अशा माणसानं घोडा केला, हे तुम्हाले खरं वाटणार नाई.

त्याले हौस एकच, दंडारीची. दिवाळी झाली का आमच्या गावात मंडई भरते. आजूबाजूचे गावचे लोक जमतात अन् दुपारपासून दंडार चालते. गावचेच माणसं सोंग घेतात, गातात, नाचतात. मिसरूड फुटलं तेव्हापासून भैयाजी त्या दंडारीत दरबान. राजा येते, परधान येते, अन् हा भाला धरून मागं उभा. एक शब्द बोलाचा नाई. त्याले राजा व्हाचं होतं. शेत नको, नाव नको, मंडईत एकदा राजा होऊन लोकांसमोर यायचं, एवढंच पाहिजे होतं. पण दंडारीचे मालक देवाजी पाटील. राजा कोण, हे ते ठरवत, अन् दरसाल त्यांचा भाचाच ठरे. भाच्याचा आवाज तलंग कोंबडीसारखा चिरका. पण पाटलाचा भाचा तो, कोण बोलते!

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. त्या उन्हाळ्यात नागभीडले सिनेमाचा तंबू लागला. त्या सिनेमात राजाजवळ लाकडाचा पांढरा घोडा होता, पंखवाला. राजा त्याच्यावर बसला का घोडा समुद्रावरून उडे. भैयाजीनं तो एकच सिनेमा पाह्यला, अन् तंबू उठेपर्यंत तोच पाहात राह्यला. त्याची बायको, माही जाऊ कमळा, त्याले भात बांधून दे अन् हा पायी नागभीडले जाये. घरी आला का आंगणात झाडझुडीचा फडा मांडीखाली धरून आम्हाले दाखवे, का घोडा मान अशी वळवते, कान असा टवकारते. चांगला बाप झालेला माणूस फड्यावर बसून आंगणात फिरून राह्यला. मी कपाळाले हात लावला. घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

त्यानं ते दंडारीवाल्याइलेही सांगितलं. देवाजी पाटलानं पानाची पिंक टाकली अन् म्हणे, तसाच घोडा करून आण, यंदा राजा तूच. सारे हसले. गावातलं शेंबडं पोर समजलं असतं का पाटील चेष्टा करून राह्यले. आमचा शहाणा घरी आला अन् कुऱ्हाड शोधाले लागला.

रानातलं पडलेलं सालईचं खोड त्यानं ओढत आणलं अन् अख्खा पावसाळा पडवीत ते तासत बसला. पयले त्याची बकरी झाली. मंग गाढव झालं. मी जाता-येता विचारो, "भाऊजी, आता पोळ्याले याले सजवता काय?" तो तासतच राहे. मान सिनेमातल्यासारखी वळली नाई म्हणून त्यानं चांगली झालेली मान तोडली अन् नवी बसवली. बाजेचा पाय तसाच होता हं, विटांवर. कमळाही त्याच्याच वळणाची. चुना घोटून दे, अन् घोड्याचे डोळे काजळानं तिनंच काढले. बांबूच्या कमच्या अन् जुनं धोतर, याचे दोन पंख केले. खोटं काऊन बोलू, पांढरा चुना लागला अन् घोडा घोड्यासारखा दिसाले लागला. मी मात्र बोलून दाखवलं नाई. बोलली असती तं तो अजून चढला असता.

आता याची अक्कल पाहा. ओलं लाकूड उन्हात चिरते, म्हणून त्याले सावली पाहिजे. घरची पडवी धानाच्या पेंड्यांनी भरली. तं यानं घोडा उचलून नेला अन् शिवेवरच्या साजाच्या झाडाखाली उभा केला. वाऱ्यानं फाटतीन म्हणून पंख घरीच ठेवले. झाडीतल्या माणसाले हे सांगा लागते काय, का शिवेवरच्या साजाखाली घोडा ठेवला म्हणजे तो देवाचा झाला? पलीकडच्या टोल्यावरचे, म्हणजे वस्तीवरचे, गोंड लोक तिथीच नवसाचे घोडे ठेवतात, मातीचे, लाकडाचे. आम्ही लहानपणापासून पाहून राह्यलो, यानंही पाह्यले. पण याच्या डोळ्यात सिनेमा शिरलेला. बिनपंखाचा घोडा दुसऱ्याले काय दिसन, हे त्याच्या डोक्यात आलंच नाई.

मंडईच्या आदल्या दिवशी सकाळी तो पंख खांद्यावर टाकून घोडा आणाले निघाला. मीही दोर घेऊन मागं गेली. मदतीले नाई, मजा पाहाले.

झाडाखाली पाहातो तं घोड्याच्या कपाळाले हळद, गळ्यात लाल धागा, पुढं तांदूळ अन् फोडलेलं नारळ. टोल्यावरची बुधरी तिथी बसून होती. तिचं पोर घोड्याच्या पायाशी निजलेलं, अंगावर फाटकं लुगडं. त्याले कितीक दिवसाचा ताप होता, हे आमच्या गावालेही मालूम होतं. बाजूले त्यांचा म्हातारा पुजारी, डोमा.

डोमा उठला अन् सांगाले लागला. हा घोडा टोल्यातल्या कोणी आणला नाई. बुधरी म्हणते, पेननं, म्हणजे त्यांच्या देवानं, सोताच पाठवला. तिनं धागा बांधला अन् काल पोरानं डोळे उघडले, पेज मागतली. मंग त्यानं भैयाजीले विचारलं, "भाऊ, तुम्हाले मालूम हाय काय, हा घोडा कोणाचा?"

बुधरी भैयाजीच्या तोंडाकडं पाहाले लागली. मी त्याले कोपरानं ढोसलं. मनात म्हटलं, बोल ना मेल्या, तुह्या हातचा घोडा, सांग अन् उचल.

तो म्हणे, "नाई बा. देवाचाच दिसते."

डोमानं त्याच्या खांद्यावरच्या पंखांकडं बोट केलं. हा म्हणे, दंडारीचं सामान हाय. मंग चप्पल काढून त्यानं सोताच केलेल्या घोड्याच्या पाया पडला अन् घराकडं वळला.

वाटेनं मी त्याले सोललं. इतक्या दिवसाची मेहनत, बायकोचे हात चुन्यानं फाटले, अन् ऐन वेळेवर तुमचं तोंड शिवलं काय? देवाले दुसरा घोडा करून देता आला असता. दरबान म्हणून जन्मले अन् दरबान म्हणूनच मरसान.

तो म्हणे, "वहिनी, तिनं पोर त्याच्या पायाशी निजवलं होतं. कसा उचलू?"

मले राग आला तो आलाच. इतकी समज होती, तं साजाखाली ठेवाच्या आधी कुठी गेली होती? घरी येऊन त्यानं पंख कमळाजवळ दिले अन् म्हणे, चुलीत घाल. ती रडली. तो बाजेवर जाऊन पडला.

दुसऱ्या दिवशी मंडईत पाटलाचा भाचा मुकुट घालून आला अन् मागं आमचा भैयाजी, भाला धरून. देवाजी पाटलाले काही राहवे ना. सारी मंडई जमली पाहून त्यानं मधातच ढोलकी थांबवली अन् मोठ्यानं विचारलं, "काऊन रे दरबान, तुहा घोडा कुठी हाय? अख्खा पावसाळा करून राह्यला होतास ना?"

माही जीभ शिवशिवली. उठून सांगावं वाटलं सगळ्याइले, का जाऊन पाहा शिवेवर. पण समोरच्या रांगेत बुधरी बसली होती. पोर तिच्या मांडीवर, मुरमुऱ्याचा लाडू चोखून राह्यलं होतं. मी तोंडात पदर कोंबला.

भैयाजी म्हणे, "उडाला, मालक."

अख्खी मंडई हसली. पाटील पोट धरून हसले. बुधरीही हसली, पोराले गदागदा हलवत हसली, त्या येड्या दरबानाले पाहून. तिले हसताना पाहून भैयाजीही हसाले लागला.

मले काही हसू आलं नाई.