कॉम्प्युटरवरची वेल्हे गाडी

"गाडी रिकामी न्यायची न्हाई," असं म्हणून तात्या स्टेअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवत आणि पडद्याकडे बघत बसत. पडद्यावर कामथडीचा थांबा, थांब्यावर चिटपाखरू नाही. मी म्हणायची, "तात्या, हा खेळ आहे. इथं कुणी चढायचं नाही." ते म्हणायचे, "टाइम हाय अजून." शेवटी मीच हात टेकले आणि त्या थांब्यावर माणसं करून उभी केली. तेव्हा कुठे गाडी हलली.

तुमच्यातले जे असले खेळ खेळतात त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. बस चालवायचा एक खेळ आहे, परदेशी कंपनीचा. त्याचे एकामागून एक भाग निघालेत. त्यातल्या गाड्या परक्या, रस्ते परके. पण आपली गाडी, आपला रस्ता तयार करून आत घालायची मुभा चाहत्यांना होती. त्याला मॉड म्हणतात. भोरच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की माझा हाच उद्योग. लाल एसटी केली, मग भोर ते वेल्हे रस्ता करायला घेतला. आईच्या मते ही मुलगी वाया गेलेली आहे.

तात्या उत्रोलीचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स काढायला आले, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्यो रस्ता माझा हाय." नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी वेल्ह्याचीच गाडी चालवली होती. दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानातली खुर्ची त्यांनी धरली ती धरलीच.

बसण्याआधी चप्पल दाराशी काढायची, कॉम्प्युटरला जोडलेल्या त्या प्लास्टिकच्या स्टेअरिंगला हात लावून कपाळाला लावायचा, मग बसायचं. दसऱ्याला झेंडूची माळ घेऊन आले. माळ स्टेअरिंगला घातली आणि चाकाखाली ठेवायचं लिंबू हातात घेऊन विचारात पडले. चाकं पडद्याच्या आत. शेवटी टेबलाच्या पायाशी लिंबू ठेवलं आणि मला म्हणाले, "ढकल पोरी." टेबल ढकललं, लिंबू फुटलं, त्यांचं समाधान झालं. माझे खाली पडलेले कागद दिवसभर चिकट.

रस्त्यात खोड काढायची त्यांना भारी हौस. "हितली झाडं कुठं गेली?"

"रस्ता रुंद करताना तोडली, तात्या."

"तोडली आसतील. माझ्या टायमाला व्हती."

झाडं लावली. मग बंद पडलेलं चहाचं हॉटेल उघडलं, पडलेली मोरी परत बांधली. माझा रस्ता आजचा राहिलाच नाही, तो त्यांच्या वेळचा झाला. मला राग यायचा आणि मी करतही जायची.

मग त्यांना विसर पडायला लागला. जेवलो की नाही ते आठवेना. सुनेला बहिणीच्या नावानं हाक मारायला लागले. एकदा निघाले घरी आणि सापडले भलतीकडेच, भोरच्या चौपाटी चौकात. पण स्टेअरिंगवर हात ठेवला की कापूरहोळ, कामथडी, नसरापूर, एकही वळण चुकत नव्हतं. मुलगा पुण्यात नोकरीला. तिथे अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था त्यानं बघून ठेवली होती. सून मात्र अडून बसली होती. रोज सकाळी त्यांना दुकानात सोडायची आणि म्हणायची, "ताई, हितं बसले की मामा माणसात अस्त्यात. गाडी चालवत्यात तोवर म्या त्यांना कुठं धाडायची न्हाई."

आणि कंपनीनं जाहीर केलं की नव्या भागात मॉड चालणार नाहीत. रस्ते कंपनीचेच, गाड्याही कंपनीच्याच. जुना भागही बंद होणार, कारण तो इंटरनेटवर कंपनीच्या सर्व्हरवरूनच उघडायचा. मॉडवाल्यांच्या ग्रुपवर पोरांनी रान उठवलं. कुणी म्हणालं, आपण आपलाच खेळ काढू. कुणी म्हणालं, मी आता म्हशी घेतो. मी कंपनीला लिहिलं, भोरला एक म्हातारा माणूस आहे, त्याच्यासाठी तेवढा जुना राहू द्या. उत्तर आलं: आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत, नवा भाग जरूर खेळून पहा. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण करता काय?

तात्यांना मी परत परत सांगितलं होतं. त्यांच्या लक्षात कुठलं राहायला. जुना भाग बंद झाला त्या दिवशी नवा उघडला तर पडद्यावर समुद्राकाठचं कुठलंसं शहर, काचेच्या इमारती. तात्यांनी गाडी काढली. हळूहळू चालवत राहिले. एका चौकात थांबले, इकडेतिकडे बघितलं.

"पोरी, म्या वाट इसरलो."

"तुम्ही नाही विसरलात, तात्या. कंपनीनं रस्ता बंद केला."

"कंपनी कशी बंद करंल? रस्ता हाय तो."

मी वीज गेल्याचं सोंग करून पडदा बंद केला. म्हटलं, गाडी बंद पडली, चला घरी. तर उठेनात. "पॅसेंजर मागल्या गाडीत बसवल्याबिगर डायवरनं जागा सोडायची न्हाई." चहा घेतला नाही, डबा उघडला नाही. सून न्यायला आली, तिलाही तेच. काळ्या पडद्यापुढे बसून राहिले. संध्याकाळी मीच जवळ गेले आणि म्हटलं, "तात्या, मागची गाडी आली. सगळे बसले."

"लेकरावाली बाई हुती. तिला जागा घावली?"

"घावली."

मग उठले. ते गेल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि पोटभर रडले.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. घरात भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. सुनेचं काही चाललं नाही. एका रविवारी मुलगा त्यांना संस्थेत न्यायला मोटार घेऊन आला, म्हणून मी उत्रोलीला गेले. तात्यांना मागच्या सीटवर बसवलं होतं. धुतलेला सदरा, मांडीवर पिशवी. मी काचेशी वाकले. त्यांनी माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"बाई, ही गाडी कुठं जाती?"

"पुण्याला, तात्या."

"मग नको. मला येल्ह्याला जायचंय," ते म्हणाले आणि दार उघडायला लागले. मुलानं ते आतून उघडणार नाही असं करून ठेवलं होतं.