सातव्या लेव्हलची सावली

धाकटीचं कसं होणार, हा घोर काही केल्या पिच्छा सोडत नाही. चांगली नोकरी सोडून वर्षभर ती एकटीच मोबाइलवरचा एक खेळ बनवते आहे. वरून रंगीत ठोकळे पडतात, एका रंगाचे तीन जुळले की विरतात. एवढंच. "यासाठी हिला इंजिनीअर केली?" असं हे विचारतात आणि मग तोच खेळ तासभर खेळत बसतात.

घरी होती तेव्हा ती मला खेळायला बसवायची. "आई, बोलू नकोस. नुसती खेळ." स्वतः मात्र माझ्या अंगठ्याकडे बघायची. तो अडखळला की वहीत टीप. ठोकळा कुठे पडणार ते मला उमगेना, तर तिने खाली त्याची फिकट सावली टाकली. हरले की मी फोन ठेवून द्यायचे, तर 'पुन्हा खेळायचं का?' हा प्रश्नच काढला. नवा डाव आपोआप सुरू. "विचारलं की माणूस नाही म्हणतो," म्हणाली. बदल चिमूटभर, पण त्या संध्याकाळी माझी भाजी करपली.

दोन महिन्यांपूर्वी ती दुसऱ्या शहरात गेली. आता फोनवर विचारते, "कुठे अडलीस?" तिचा थकलेला आवाज ऐकून मी म्हणते, "कुठेच नाही गं. मस्त झालाय."

परवा तिने सातव्या लेव्हलपासून सावली काढून टाकली. तोवर सवय होते, मग आधार कशाला, असं तिचं म्हणणं. आज दुपारी फोन आला.

"सातवी जमली?"

"जमली की!"

"मग झालं. तुला जमली म्हणजे कुणालाही जमेल. उद्या सकाळी दहाला खेळ लोकांसाठी खुला करते."

मला जमलेली नाही. रात्री जेवणानंतर एकवीस वेळा हरले आणि कंटाळून फोन बाजूला ठेवला. परका माणूस तर पाचव्यांदाच ठेवेल, आणि का ठेवला हे तिला कधी कळणारही नाही.

तिला खरं सांगते म्हटलं, तर "आता कशाला मोडता घालतेस?" हे म्हणाले. "पोरीचा हिरमोड होईल."

होईलच. "आधी का नाही बोललीस?" म्हणून चिडेलही. पण तोंडदेखलं कौतुक करायला शेजारीपाजारी आहेत. त्यासाठी आई कशाला हवी?

साडेबारा वाजलेत. ती जागीच असेल. सकाळपर्यंत थांबले तर सावली परत टाकायला तिच्या हाती वेळ उरणार नाही. आत्ताच फोन लावते.