धुतलेल्या बाटल्या

“सहाच महिने राह्यले, काकू.” तिचं हे बोलणं आधी लिहून ठेवते. माझी शाळा चौथीपर्यंतच. कुठे काना-मात्रा चुकला, अक्षर वाकडं आलं, तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

शेगावात आमच्या पुढच्या खोलीत ती भाड्यानं राहायची, जेवण माझ्याकडे. पीएचडी करत होती. खाऱ्या पाण्याच्या गावांत माणसांच्या किडन्या का जातात, ते तिला शोधायचं होतं. तिचे अब्बा त्याच दुखण्यानं गेलेले. कधी होईल विचारलं की म्हणायची, “सहाच महिने.” वर्षं गेली, सहा महिने काही सरेनात.

ती गावातल्या बायकांची सकाळची लघवी तपासणीला न्यायची. संध्याकाळी घरोघर बाटल्या द्यायच्या, सकाळी बर्फाच्या डब्यात गोळा करायच्या. मी सोबत जायची. मला चारचौघांत बोलता येत नाही, पण वयाची बाई दिसली की बायका दार उघडतात.

एकदा एसटीत कंडक्टर म्हणाला, “काय हाय डब्यात? कुल्फी?”

“हाव. देऊ का एक?” ती म्हणाली. मी तोंडात पदर कोंबला.

मग तिच्या गाइडचा फोन आला. वर्षभर साठवलेले नमुने तपासले, तर सगळे खराब. कारण कोणालाच कळेना. पुढच्याच फेरीला एका म्हातारीनं बाटली आणून दिली. लख्ख.

“घासली का, आजी?”

“भरायच्या आधी आतून बी घासली, माय. साऱ्याच घासतात. शिकलेल्या पोरीले खराब बाटली कशी द्याव?”

नमुना टिकावा म्हणून तळाशी चिमूटभर पावडर असायची. बायकांनी ती मळ समजून धुतली होती. नवी बाटली कोणी धुईल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“लई साफ झाली, आजी,” ती म्हणाली, आणि तिथेच ओट्यावर बसली.

गाइड म्हणाले, पुन्हा जमव. पण फेलोशिपची मुदत संपली. तिनं अर्ज केला, वाढवून मिळाली नाही. ताट भरलेलंच परत येऊ लागलं.

“काऊन जेवून नाही राह्यली व?”

“गिळवत नाही, काकू. अब्बाले म्या सांगतलं होतं, शोधून काढतो म्हणून.”

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं.

खोली सोडली तेव्हा भाडं-जेवणाचे पैसे राहिले होते. मी नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही. आता ती अकोल्याच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. थोडे थोडे पैसे पाठवायची आणि मग फोन करायची.

“अन् पीएचडी?”

“करीन ना. सहाच महिने.”

सावकाश दे, असं मी दर वेळी म्हणायची. तेवढाच तिचा आवाज कानावर पडायचा.

परवा पैसे आले, नेहमीपेक्षा जास्त. फोन आला नाही. मीच लावला.

“झाले ना सारे, काकू?”

“हाव.” मी पीएचडीचं विचारलं.

“जेवल्या का, काकू?” एवढंच म्हणाली.

बर्फाचा डबा खोलीत तसाच आहे. तिच्याकडे माझा एक रुपयाही राहिला नाही.