बारच्या भिंतीवरचं खापर

माझ्या मुलीची चित्रं पहिल्यांदा कुठंतरी लागली आणि ती लागली बारमध्ये. मी कॉलेजच्या ऑफिसातला कारकून, निवृत्तीला एक वर्ष उरलेला. आमच्या घरात चित्र म्हणजे बँकेचं कॅलेंडर. "बारमध्ये चित्रं बघायला कोण जातं?" असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं, तर मुलगी म्हणाली, "तुम्ही जाताय, बाबा. शनिवारी चार वाजता. आजीलाही घेऊन."

आजी म्हणजे माझी आई. वय एकोणऐंशी, माहेर सटाण्याकडचं. नाशकात पन्नास-पंचावन्न वर्षं काढली, पण तिची अहिराणी काही सुटली नाही. बारचं नाव काढलं की ती साफ नाही म्हणेल आणि आपोआप माझीही सुटका होईल, असा माझा हिशेब होता. तिनं कपाटातलं जांभळं लुगडं काढलं. "मन्ही नात तठे शे ना? मंग?" एवढंच म्हणाली आणि आरशापुढं जाऊन उभी राहिली.

गावाबाहेर द्राक्षं पॅक करायची जुनी शेड होती, तिचा बार केला होता. बाहेर पाटी नाही. दाराशेजारच्या भिंतीतून अर्धी निळी स्कूटर बाहेर आलेली. असले चाळे बघून माझं डोकं फिरतं, तसं ते फिरायला लागलंही होतं. पण आत पाऊल टाकलं आणि मी चपला काढायला वाकलो. कसा वाकलो ते माझं मला कळलं नाही. मुलगी कानाशी म्हणाली, "बाबा, चपला राहू द्या."

वर छताला कांद्याच्या लाल जाळीच्या गोण्या टांगलेल्या, शेकड्यानं, आणि प्रत्येकीत एक दिवा. ज्या गोणीच्या तुकड्यानं आम्ही मोरी घासतो, ती गोणी इतकी सुंदर असते हे मला सत्तावन्न वर्षांत दिसलं नव्हतं. सगळ्या शेडवर मावळतीचा रंग पसरला होता आणि बाहेर अजून लख्ख ऊन होतं. खाली न्हाव्याची खुर्ची, शाळेचा बाक, एसटीचं सीट, असं एकाचा एकाला मेळ नसलेलं बसायला. आम्ही एसटीच्या सीटवर बसलो. आईनं खिडकीकडची बाजू घेतली. खिडकी नव्हतीच तिथं, पण सवय.

बारची मालकीण पस्तिशीची असेल. स्वतःच काउंटरमागं उभी. तिनं दालचिनीची कांडी पेटवली, तिच्यावर काचेचा ग्लास पालथा धरला, आत धूर कोंडला, आणि मग ग्लास सुलटा करून त्यात द्राक्षाच्या रसाचं काहीतरी ओतलं. धूर काठावरून हळूहळू खाली सांडत राहिला. मी आ वासून बघत होतो. "काका, करू का तुम्हाला एक?" तिनं विचारलं. "मी घेत नाही," हे मी आयुष्यभर ताठ मानेनं म्हणत आलोय. त्या दिवशी म्हणताना जरा वाईट वाटलं.

आईला तिनं गूळ, आलं आणि कैरीचं बिनदारूचं काहीतरी फेसाळ करून दिलं. आईनं ते एका दमात संपवलं, मिशीसारखा लागलेला फेस पदरानं पुसला आणि विचारलं, "ह्यानी खोकला जाई का?"

"जाईल की," मालकीण गंभीरपणे म्हणाली. तेवढ्यावर दोघींचं जमलं.

मग चित्रं बघितली. कांदे निवडणाऱ्या बायकांचे नुसते हात, तीन मोठ्या कॅनव्हासवर. हीच चित्रं घरी जमिनीवर पसरलेली असताना मी फरशीला रंग लागला म्हणून ओरडलो होतो. आता त्यांच्यापुढं एक अनोळखी जोडपं उभं होतं, हातातले ग्लास विसरून. त्यातली बाई स्वतःचे हात बघायला लागली. मुलीला शाबासकी द्यायची म्हणून मी वळलो, आणि आई शेजारी नाही असं लक्षात आलं.

ती समोरच्या भिंतीपाशी उभी होती. त्या भिंतीवर एकच वस्तू टांगलेली होती आणि तिच्यावर एकच दिवा सोडला होता. ते खापर होतं. ज्यांच्याकडे मांडे करत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, खापर म्हणजे चुलीवर पालथं घालायचं मातीचं मोठं भांडं. त्याच्या तापलेल्या पाठीवर हातभर रुंद, कागदासारखी पातळ पुरणपोळी टाकतात, तो मांडा. आई पूर्वी अख्ख्या कॉलनीचे मांडे करायची.

मी जवळ गेलो आणि खापर ओळखलं. खापराच्या काठाभोवती बारीक तार आवळलेली होती आणि तिला एका मापाचे, बारीक, घट्ट पीळ होते. काठाला केसाएवढी चीर गेली तेव्हा माझ्या वडिलांनी ती बांधली होती. वडील ओझरला विमानाच्या कारखान्यात होते. तिथं बोल्ट हलू नये म्हणून तारेला जसा पीळ देतात, तसाच त्यांनी घरी खापराला दिला होता. वडील जाऊन अकरा वर्षं झाली.

सहा वर्षांपूर्वी आम्ही मागचं अंगण असलेलं बैठं घर सोडून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो. सामानाच्या दिवशी माझं डोकं भणाणलेलं होतं. फ्लॅटमध्ये ना चूल, ना खापर ठेवायला जागा, म्हणून मी ते जुन्या डब्यांबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकलं. आईला सांगितलं, टेम्पोतून उतरवताना फुटलं. ती "बरं" म्हणाली, झाडू घेऊन खाली गेली आणि थोड्या वेळानं वर आली. मला वाटलं, जागा झाडून आली असेल. त्यानंतर खापराचा विषय आमच्या घरात निघाला नाही आणि मांडेही झाले नाहीत. मी सुटलो असं समजून चाललो होतो.

आता आईनं तार बघितली का, एवढं एकच मला कळायला हवं होतं. आई मालकिणीला म्हणाली, "हाई खाले काढ."

मालकीण स्टुलावर चढली. "जुन्या बाजारात मिळालं, आजी. रोज येता-जाता बघते मी त्याच्याकडे. कशासाठी असतं ते मात्र कुणी सांगितलं नाही."

आईनं खाली बसून खापर मांडीवर घेतलं, बोटाच्या पेरानं वाजवलं, कान लावला. "बोलस आजून," म्हणाली. मग थेट स्वयंपाकघरात शिरली. तिथं पिझ्झाची लाकडाची भट्टी होती आणि ओल्या फडक्याखाली मैद्याचे गोळे मुरत होते. आईनं एक गोळा दाबून बघितला आणि नाक मुरडलं. पण सोडला नाही.

मागच्या अंगणात तीन विटा मांडल्या. खापर ओल्या फडक्यानं पुसून अगदी मंद जाळावर ठेवलं. अर्धा तास ती कुणालाही जाळ वाढवू देईना. मग तिनं बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, हात तेलपाण्यानं ओले केले आणि गोळा उचलला.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. गोळा या हातावरून त्या हातावर जात होता आणि दर वेळी मोठा होत होता. मनगट, मग कोपर, मग त्याच्याही वर. एकोणऐंशी वर्षांची बाई, चहाचा कप उचलताना जिचा हात थरथरतो. हात थरथरत नव्हते. कणीक इतकी पातळ झाली की तिच्यातून मला आईचा चेहरा दिसला. आतली माणसं ग्लास घेऊन बाहेर आली होती. मुलगी माझा दंड घट्ट धरून उभी होती. आई खापरावर वाकली आणि एका झोक्यात मांडा त्याच्या पाठीवर उतरला, कुठं सुरकुती नाही. मी लहानपणी हे शंभर वेळा बघितलं होतं आणि तेव्हा फक्त भूक लागलीय म्हणून कटकट केली होती.

मांड्याची चौघडी घालून आईनं ती पुढं केली. पुरण नव्हतं, म्हणून मालकिणीनं वर आपला गुळाचा पाक ओतला. "गरम शे तवर खा," आई सगळ्यांवर ओरडली. लोक तुटून पडले. तिनं आणखी पाच केले, मग पिठाचे गोळे संपले.

ती दमून अंगणातल्या बाकावर बसली. मी शेजारी बसलो. "आई, ते खापर..."

"माले ठाऊक शे." ती माझ्याकडे बघत नव्हती. "टेम्पोखाले झाडू मारा मी. एक बी खापरी नही सापडनी. फुटनं ते तुकडा पडतस ना?"

सहा वर्षं. सहा वर्षं तिला माहीत होतं, आणि रोज मी ऑफिसातून आलो की ती मला चहा करून देत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायची सोडून मी तिच्या पदरावरचं पीठ झटकत बसलो.

मालकिणीनं हे सगळं ऐकलं असावं. ती जवळ येऊन म्हणाली, "आजी, तुमचंच आहे ना? घेऊन जा. मला काही नको."

आईनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"नको. आठेच ऱ्हाऊ दे," आतल्या भिंतीकडे बोट करून ती मालकिणीला म्हणाली. "आठे जपतस."

खापर निवल्यावर आम्ही ते आत नेलं. मालकीण स्टुलावर चढली, आणि मी ते दोन्ही हातांनी खालून धरून तिला वर दिलं. ते खिळ्यावर बसेपर्यंत आईनं माझ्या हातांवरची नजर काढली नाही.