आईचं अळणी

पिठल्यात मीठ टाकताना माझा हात अजून थबकतो. आई जाऊन दोन वर्षं झाली, तरी.

पहिल्या बाळंतपणाला मी बेंबळीला माहेरी आले ती बीपीच्या गोळ्या घेऊनच. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं आणि बाळंत झाल्यावरही मनानं गोळ्या बंद करू नका, असं बजावलं होतं. आईला मिठाचं पटलं, गोळ्यांचं नाही. मुलगी झाली, आम्ही घरी आलो, आणि तिनं गोळ्यांचं पाकीट ओव्याच्या डब्यात ठेवून दिलं. "आता मोकळी झालीस की. दुधातनं लेकराला उतरतंय ते समदं." चांगली शिकलेली मी, पण तिचं ऐकलं. त्याचा राग मला आजही येतो.

पाचवी पुजली त्याच्या दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. "कानात वारं शिरलं," म्हणत आईनं माझा स्कार्फ आणखी आवळला आणि खाटेखाली शेगडी सरकवली. दुपारी मांडीवरचं लेकरू अंधुक दिसू लागलं. नशीब, तेवढ्यात आशाताई बाळाचं वजन करायला आली. तिनं माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि आकडा बघून तिचा चेहराच उतरला.

"मावशी, आधी गाडी बोलवा. हिला झटके येतील."

गाडीत आई माझे पाय धरून बसली होती. मी वाचले.

घरी परतल्यावर ती गोळी द्यायची आणि समोर उभी राहायची. "तोंड उघड. जीभ वर कर." मला हसू यायचं. मग एकदा तिच्या ताटातली आमटी चाखली, तर ठार अळणी.

"सोनारीच्या भैरवनाथाला बोललेय म्या. तुझ्या गोळ्या सुटंस्तवर मीठ न्हाय."

"अगं, चूक गोळ्यांची झाली. मिठानं काय केलंय?"

"चूक माजी हाय ना? मग जीभ बी माजीच."

आठ महिन्यांनी डॉक्टरांनीच गोळ्या थांबवल्या. सोनारीला जाऊन आलो आणि मी पिठलं केलं, मीठ नेहमीएवढंच. आईनं पहिला घास घेतला अन् तोंड वाकडं केलं.

"लई खारट झालंय गं," म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागली.